ताम्रपट कोणाच्या नावाचा?

२५ नोव्हेंबर १८७८ रोजी लंडनच्या कोर्टात चित्रकार जेम्स मॅकनील व्हिस्लर स्वतःच लावलेल्या बदनामीच्या दाव्यात साक्षीला उभा राहिला आणि सुरुवातीलाच शपथेवर खोटं बोलला. आपला जन्म सेंट पीटर्सबर्गचा, असं त्यानं सांगितलं. खरं तर तो जन्मला होता अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल या कापडगिरण्यांच्या गावात, जुलै १८३४मध्ये. वडील रेल्वेचे इंजिनिअर. झारच्या मॉस्को-सेंट पीटर्सबर्ग लोहमार्गाच्या कामासाठी ते रशियात गेले, मागून बायकोमुलं गेली, आणि १८४९मध्ये वडील वारल्यावर कुटुंब अमेरिकेला परतलं. रशियाशी संबंध काय तो एवढाच. पुढे लॉवेलचा विषय कोणी काढला की तो म्हणे, कधी आणि कुठे जन्मायचं ते मी ठरवीन, आणि लॉवेलमध्ये जन्मायचं मी ठरवलेलं नाही.

या खटल्यातलं त्याचं दुसरं एक उत्तर जगभर गाजलं. ‘दोन दिवसांच्या कामाचे दोनशे गिनी मागता?’ या प्रश्नाला ‘नाही, आयुष्यभराच्या ज्ञानाचे मागतो,’ असं तो म्हणाला. (गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग.) कलेबद्दलच्या भाषणांत हे वाक्य इतकं वापरलं गेलंय की त्याचा काठ झिजलाय. मला ते जन्माबद्दलचं खोटं जास्त रोचक वाटतं, कारण ज्या प्रश्नावर आपण आजही अडून बसतो तो त्यानं एका थापेत उडवून लावला होता. देश सोडून गेलेला कलावंत नेमका कोणाचा?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. ‘मूळचा आमच्याकडचा.’ परदेशात कोणाचं चित्र विकलं, कोणाला मान मिळाला, की त्याचं गाव, तालुका, शाळा, मामाचं आडनाव सगळं बाहेर निघतं. तो इथे असताना त्याचं चित्र कोणी घेतलं होतं का, हे विचारणं मात्र अभद्र समजतात. माझं म्हणणं असं आहे की कलावंतावर जन्मगावाचा हक्क आपोआप लागत नाही. तो मिळवावा लागतो, आणि तोही वेळेत. मिळवण्याचे मार्ग दोनच: काम विकत घेणं किंवा काम शिकवणं. बाकी सगळा सत्काराचा नारळ.

व्हिस्लरचं उदाहरण यासाठी बरं, की तो कोणत्याच देशाला धडपणे लाभला नाही आणि तरी चार ठिकाणं त्याच्यावर हक्क सांगतात. त्या हक्कांचे कागद तपासून पाहण्याजोगे आहेत.

आधी अमेरिकेचा कागद. १८५१मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत दाखल झाला. चित्रकलेत पहिला आणि रसायनशास्त्रात नापास. सिलिकॉन हा वायू आहे, असं त्यानं परीक्षेत सांगितलं. तीन वर्षांनी काढून टाकलं. नंतर म्हणायचा, सिलिकॉन वायू असता तर मी मेजर जनरल झालो असतो. मग वॉशिंग्टनच्या सरकारी किनारा-सर्वेक्षण खात्यात नकाशे कोरायची नोकरी मिळाली, रोज दीड डॉलर. तीही काही महिनेच टिकली, कारण व्हिस्लरसाहेब वेळेवर येत नसत. पण त्या टेबलावर तो तांब्याच्या पत्र्यावर कोरायला शिकला, ज्याला आपण अम्लरेखन म्हणतो आणि आर्ट स्कूलमधली मुलं सरळ एचिंग म्हणतात. १८५५मध्ये तो पॅरिसला गेला. त्यानंतर अठ्ठेचाळीस वर्षं जगला, पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाय ठेवला नाही.

१८५८मध्ये पॅरिसला त्यानं पहिला एचिंगचा संच छापून घेतला, पुढच्या वर्षी लंडन गाठलं. तिथे बहिणीच्या ऐसपैस घरात राहण्याची सोय होती. मेहुणा शल्यविशारद आणि स्वतः नावाजलेला एचर. पण व्हिस्लर गेला टेम्स नदीच्या खालच्या अंगाला, वॅपिंग आणि रॉदरहाइथच्या गोद्यांकडे, आणि तिथेच काही काळ मुक्काम ठोकला. नावाडी, वखारी, डोलकाठ्या, कललेली लाकडी घरं. ‘ब्लॅक लायन व्हार्फ’ या १८५९च्या एचिंगमध्ये मागच्या इमारतींची एकेक वीट, एकेक खिडकी मोजावी अशी कोरलेली आहे, आणि पुढे बसलेला माणूस मात्र जेमतेम रेषांत उरकलेला. यावर हमखास म्हटलं जातं की परक्याची नजर ताजी असते. मला हे पटत नाही. परके पुष्कळ येतात आणि पुलाचा फोटो काढून जातात. व्हिस्लरला वॅपिंग दिसलं ते तिथल्या चिखलात रोज पत्रा घेऊन बसल्यामुळे.

आता खटल्याकडे. १८७७मध्ये ग्रॉव्हनर गॅलरीत त्याची रात्रीची चित्रं लागली होती. त्यांत एक होतं आतषबाजीचं: काळोख, धूर आणि विझत खाली येणाऱ्या ठिणग्या. जॉन रस्किन हा त्या काळचा कलेतला सर्वांत वजनदार आवाज. त्यानं लिहिलं, की लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकण्याचे हा दिडशहाणा दोनशे गिनी मागतो. व्हिस्लरनं बदनामीचा दावा लावला आणि जिंकला. भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. खर्च ज्याचा त्यानं सोसायचा. आधीच कर्ज होतं. लेलँड नावाच्या जहाजमालकाच्या जेवणघरात त्यानं सोनेरी-निळे मोर रंगवले, तेही मालकाला पुरतं न विचारता. दोन हजार गिनी मागितले आणि एक हजार पौंड हाती पडले. तो आश्रयदाता तुटला. १८७९च्या मे महिन्यात दिवाळं निघालं. चेल्सीतलं नवं बांधलेलं घर, जपानी वस्तू, निळी-पांढरी चिनीमातीची भांडी, सगळं गेलं. सावकारांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यानं स्वतःचे काही पत्रे आणि चित्रं नासवून टाकली.

इथे त्याची बाजू घेऊन अश्रू ढाळावेत असा हा माणूस नव्हे. भांडकुदळ, दुसऱ्याच्या पैशानं मेजवान्या देणारा. ज्या मेहुण्याच्या घरी आसरा मिळाला त्याच्याशी पॅरिसमध्ये हाणामारी करून त्याला दुकानाच्या काचेतून ढकलणारा. शिष्यांना राबवून घेणारा, आणि त्यांनी स्वतःचं काही केलं की तोडून टाकणारा. वाईट माणूस म्हणण्याइतका वाईट नाही, पण शेजारी नको असा.

घर गेल्यावर त्याच्यापाशी उरलं काय? हात, सुया आणि खिशात मावतील एवढे तांब्याचे पत्रे. लंडनच्या फाइन आर्ट सोसायटीनं त्याला व्हेनिसची बारा एचिंग करायला पाठवलं. मुदत तीन महिन्यांची. तो सप्टेंबर १८७९मध्ये गेला आणि चौदा महिन्यांनी परतला. बाराच्या जागी पन्नासेक पत्रे आणि शंभराच्या आसपास पेस्टल रंगातली चित्रं घेऊन. हिवाळा हाडं गोठवणारा होता, खिसा रिकामा होता. पुढच्या वर्षी त्याला काही तरुण अमेरिकन चित्रकार भेटले. त्यांतल्या ऑटो बाकर याच्याकडे छापायचं छोटं यंत्र होतं. देशाशी संबंध तोडलेल्या माणसाचं काम देशबांधवांच्या यंत्रावर निघालं, हा योगायोग मला आवडतो.

हे काम चालतं कसं ते सांगतो, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. पत्र्यावर मेण-राळेचा पातळ थर द्यायचा. त्या थरावर सुईनं रेघ ओढली की खालचं तांबं उघडं पडतं. मग अम्ल. उघड्या रेघेत अम्ल तांबं खात जातं. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल, तितकी छपाईत काळी. व्हिस्लर पक्ष्याच्या पिसानं अम्ल पत्र्यावर इकडून तिकडे फिरवायचा, म्हणजे एकाच पत्र्यावर कुठे कमी, कुठे जास्त खाल्लं जाईल. मग थर काढायचा, शाई भरायची, कापडानं आणि तळहातानं पुसायची, वर ओला कागद ठेवून रुळांतून दाबायचा. पुसणं हा शब्द साधा वाटतो, पण सगळी गोम तिथे आहे. व्हेनिसच्या ‘नॉक्टर्न’ (रात्रीचं दृश्य) या एचिंगमध्ये पत्र्यावर रेघा मोजक्याच आहेत. क्षितिज, एखादं जहाज, थोडं पाणी. बाकीची रात्र त्यानं प्रत्येक वेळी पत्र्यावर शाईचा पापुद्रा सोडून ‘रंगवली’. त्यामुळे एका प्रतीत संध्याकाळ उतरते, दुसरीत मध्यरात्र, आणि पत्रा तोच. कागदही तो जुने शोधायचा. जुन्या डच वह्यांचे, जपानी. समास पार कापून टाकायचा, फक्त तळाशी एक जीभ ठेवून तिच्यावर आपली फुलपाखराची सही करायचा. प्रत्येक पत्र्याच्या शंभर प्रती द्यायचं ठरलं होतं, पण हा हट्टानं सगळं स्वतः छापणार. हयातभर त्या पुऱ्या झाल्या नाहीत.

आपल्याकडे मुद्राचित्राखाली, म्हणजे अशा छापलेल्या चित्राखाली, पेन्सिलीनं ‘१२/५०’ (पन्नास प्रतींतली बारावी) असं लिहिलेलं दिसलं की पाहुणा हळूच विचारतो, ‘म्हणजे ओरिजिनल नाही का?’ त्याचा दोष नाही. राजा रवि वर्म्यांच्या छापखान्यानं देवदेवता घरोघर पोचवल्या तेव्हापासून छापील चित्र म्हणजे कॅलेंडर, हे आपल्या डोळ्यांत बसलंय. छापणाऱ्याचा हात त्यात असतो, हे आपण विसरलो.

आता ताम्रपटाचं. मराठीत तांब्याच्या पत्र्याचा अर्थ एकच: मालकी हक्क. शिलाहारांनी, यादवांनी गाव दान दिलं की ताम्रपट खोदून द्यायचे, चंद्रसूर्य असेपर्यंत ही जमीन अमक्याची. म्हणून आपण म्हणतो, ‘अमुक काय ताम्रपट घेऊन आलाय का?’ एचरचा ताम्रपट याच्या अगदी उलट. त्यावर मालकाचं नाव नसतं, आणि ज्या गावाचं दृश्य त्यावर असतं ते गावही छापात उलटं उमटतं. व्हिस्लर समोरचं दृश्य पाहून थेट पत्र्यावर कोरायचा, आरशात धरून सुलटं करायची खटपट बहुधा करायचा नाही. त्यामुळे कागदावरचं त्याचं व्हेनिस डावं-उजवं फिरलेलं आहे. पर्यटकांना ओळखीचं ठिकाण दाखवणं हे त्याचं काम नव्हतं. शिवाय तैलचित्र एकच असतं, ते एका देशाच्या भिंतीवर खिळलं की संपलं. एचिंगच्या प्रती मात्र शिकागोत असतात, लंडनमध्ये असतात, कोणाच्या तरी घरात कपाटामागे असतात, आणि त्यांतली प्रत्येक अस्सल. देश सोडलेल्या माणसाला याहून सोयीचं माध्यम नाही. घरावर टाच आली तरी कोटाच्या खिशातल्या पत्र्यावर ती येत नाही.

राष्ट्रीयत्व तो कोटासारखंच वापरायचा. १८८९च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात त्यानं आधी अमेरिकन विभागाकडे काम पाठवलं. तिथल्या प्रमुखानं, म्हणजे एका निवृत्त जनरलनं, दहा एचिंग परत न्या म्हणून कळवलं. यानं सगळंच उचललं आणि ब्रिटिश विभागाकडे नेलं. १९००च्या प्रदर्शनात पुन्हा अमेरिकन विभागात, आणि चित्रकलेसाठी एक, मुद्राचित्रासाठी एक अशी दोन सर्वोच्च पारितोषिकं. मधल्या काळात फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर हा सन्मान. इंग्रजी गणित असं काही नसतं, तशी इंग्रजी कलाही नसते, असं तो म्हणायचा. या मताला संधिसाधूपणाचा वास येतो हे मान्य. पण दहा कागदांसाठी देश बदलणारा माणूस कागदांशी तरी एकनिष्ठ होता.

आणि हक्क कोणाला मिळाला? त्याचं आईचं चित्र, करड्या भिंतीपुढे काळ्या पोशाखात एका बाजूला तोंड करून बसलेली म्हातारी, १८७२मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीनं कुरकुरत लावलं. पुढे ते कर्जापोटी तारण पडून राहिलं. १८९१मध्ये फ्रान्सच्या सरकारनं ते चार हजार फ्रँकना घेतलं. रक्कम फार मोठी नव्हे, पण सरकारनं घेतलं आणि चित्रकार जिवंत असताना घेतलं. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाचं आहे. त्याच वर्षी ग्लासगो नगरपालिकेनं त्यानं काढलेलं लेखक टॉमस कार्लाइलचं व्यक्तिचित्र एक हजार गिनींना घेतलं. त्यासाठी तिथले तरुण चित्रकार अर्ज करून मागे लागले होते. घासाघीस करायला आलेले सदस्य म्हणाले, माणूस पूर्ण आकाराचासुद्धा नाही आणि एवढी किंमत? व्हिस्लर म्हणाला म्हणे, ‘पूर्ण आकाराची माणसं असतातच किती!’ पैसे मात्र त्यांनी मोजले. पुढे त्याच्या मेव्हणीनं, जी त्याची वारस होती, घरातलं उरलंसुरलं ग्लासगो विद्यापीठाला दिलं. ज्या गावात तो कधी राहिला नाही त्या गावात आज त्याचा अभ्यास करायला जावं लागतं.

आणि लंडन? चाळीसएक वर्षं जिथे काढली, जिथलं धुकं त्यानं रंगवून लोकांना पाहायला शिकवलं? १८८६मध्ये लिलावाला त्याचं जुन्या बॅटरसी पुलाचं रात्रीचं चित्र आलं तेव्हा लोकांनी त्याला ‘हिस्स’ केलं. साठ गिनींना गेलं. तो वारला १९०३मध्ये. १९०५मध्ये तेच चित्र राष्ट्रासाठी घ्यायला दोन हजार पौंड उभे करावे लागले. एकोणीस वर्षं आणि तीसपट दाम, आणि चित्रकाराच्या हाती त्यातलं काही नाही. वाट पाहण्याची किंमत यापेक्षा स्वच्छ हिशेबात दिसत नाही.

अमेरिकेनं आपला हक्क दोन तऱ्हांनी बजावला. डेट्रॉइटच्या चार्ल्स फ्रीअर या रेल्वेडब्यांच्या कारखानदारानं व्हिस्लर जिवंत असताना चिकाटीनं त्याची एचिंग, मग चित्रं जमवली. १९०४मध्ये ती मोरांची आख्खी खोली लंडनमधून उचलून नेली आणि सगळं राष्ट्राला दिलं. हा खरा हक्क. आणि १९३४मध्ये सरकारनं मातृदिनाचं टपाल तिकीट काढलं, त्यावर ‘व्हिस्लरची आई’. चित्र कापून अर्धं केलं, आणि कोपऱ्यात फुलांची कुंडी घातली. त्यानं चित्राला नाव दिलं होतं ‘करड्या आणि काळ्याची रचना’. आई कोणाची याच्याशी लोकांना काय करायचंय, असं तो म्हणत असे. कुंडी हा पोकळ हक्काचा उत्तम नमुना आहे. विकत घेतलं नाही, समजून घेतलं नाही, वर फुलं ठेवली.

आपल्याकडच्या कुंड्या मोजायला बसलो तर लेख संपायचा नाही. गोव्यातल्या साळगावचा चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सौझा. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून काढून टाकला, मुंबईतल्या त्याच्या प्रदर्शनाबद्दल पोलिसांकडे तक्रार गेली, १९४९मध्ये तो लंडनला गेला. त्याचं १९५९चं ‘क्रुसिफिक्शन’ लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. आता गोव्यात आणि मुंबईत दोन्हीकडे तो ‘आपला’. मडगावचे लक्ष्मण पै १९५१मध्ये पॅरिसला गेले, तिथे एचिंग शिकले, दहा वर्षांनी परतले आणि पुढे गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्यावरचा गोव्याचा हक्क मला खणखणीत वाटतो, कारण गोव्यानं त्यांना काम दिलं आणि त्यांनी मुलांना शिकवलं.

कायदाही या गोंधळातून सुटलेला नाही. १९७२च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याखाली नऊ चित्रकारांचं काम राष्ट्रीय निधी ठरलं आहे. ते देशाबाहेर नेता येत नाही. त्या नवांत निकोलस रोरिक आहेत, जन्म, गंमत पाहा, खरोखरच सेंट पीटर्सबर्गचा. अमृता शेरगिल आहेत, जन्म बुडापेस्टचा. म्हणजे जन्मानं हक्क ठरत नाही हे आपल्या सरकारलाही ठाऊक आहे. कुलूच्या डोंगरात राहिलेला, तिथेच १९४७मध्ये वारलेला रशियन आपला मानला, हे मला मनापासून आवडतं. पण हा कायदा मुख्यतः चित्र बाहेर जाऊ देत नाही. चित्र कोणी विकत घ्यावंच, लोकांना दिसेल अशा भिंतीवर लावावंच, अशी सक्ती त्यात नाही. दाराला कुलूप आणि घरात काळोख. त्याऐवजी प्रत्येक महानगरपालिकेनं दर वर्षी चार जिवंत चित्रकारांची चार कामं घेतली, आणि त्यांत दोन मुद्राचित्रं असली, तरी ग्लासगोशी नातं सांगता येईल. मुद्राचित्र स्वस्त असतं, हे इथे उपयोगी पडतं. नगरसेवक घासाघीस करतील, करू देत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. माती काहीच देत नाही का? देते. लहानपणी ऐकलेली भाषा, घरातली शिस्त, आईचं बायबल. व्हिस्लरचा करडा रंग थोडा त्या आईच्या घरचाही असेल. पण हे सिद्ध करता येत नाही, त्यामुळे ज्याला त्याला सोयीनं म्हणता येतं. सिद्ध करता येतं ते एवढंच, की एका सरकारी खात्यानं रोज दीड डॉलर देऊन एका उडाणटप्पू पोराच्या हातात सुई आणि पत्रा दिला. अमेरिकेचा सगळ्यात बळकट ताम्रपट तोच आहे, आणि त्याची छाप उरलीही आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या अॅनाकापा बेटाचं दृश्य, जहाजांना वाट कळावी म्हणून कोरलेलं. कडे, दगडी कमान, सगळं नेमून दिल्याप्रमाणे चोख. फक्त वर आकाशात पक्ष्यांचे दोन थवे आहेत, जे कोणी कोरायला सांगितले नव्हते.